सासूबाई अडकल्या त्या वर्षी मी पाइप जोडायला शिकले

सासूबाई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि पावणेदोन वर्षं राहिल्या. त्या काळात मी पाइप वेल्डिंग शिकले. या दोन्ही गोष्टी मी नेहमी एका दमात सांगते, कारण पहिली झाली नसती तर दुसरी झालीच नसती, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्निटला राहत होतो. नवरा आयटीत, मुलगी आठ वर्षांची. मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनियरिंग केलेलं, तिथल्या एका कारखान्यात क्वालिटीच्या टेबलावर काही वर्षं काढलेली. नवऱ्याच्या व्हिसावर इकडे आल्यावर ते सगळं गुंडाळून ठेवलं होतं आणि एअरपोर्टवरच्या एका कॅफेत कॉफी करत होते. कोविडमुळे विमानं थांबली तशा आधी शिफ्ट कमी झाल्या, मग कॅफेच बंद झालं. मॅनेजर म्हणाली होती, फोन करते. तिचा फोन आला नाही.

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या २०२० च्या फेब्रुवारीत आल्या, एकट्याच. सासरे कराडला राहिले. विमानाचा प्रवास झेपत नाही असं बाबा सांगायचे, पण खरं म्हणजे त्यांना घर सोडून कुठेच करमत नाही. आईंनी निघण्याआधी भाजणी, मेतकूट, लोणची असं सगळं भरून ठेवलं होतं आणि पोळ्या करायला एक बाई लावून दिल्या होत्या. मार्चच्या शेवटी तिकडेही सगळं बंद झालं, इकडेही. पोळ्यांच्या बाई येईनाशा झाल्या. सत्तरी ओलांडलेले बाबा, ज्यांनी आयुष्यात कधी गॅस पेटवला नव्हता, ते घरात एकटे राहिले.

जूनमध्ये मला एक जाहिरात दिसली. लॅव्हर्टनच्या बाजूला एक वर्कशॉप होतं. दुधाच्या कारखान्यांना लागणारे स्टेनलेस स्टीलचे पाइप ते जोडून द्यायचे. गाईंना लॉकडाऊन कळत नाही, त्यामुळे त्यांचं काम थांबलेलं नव्हतं, आणि परदेशातून येणारे वेल्डर मात्र सीमेबाहेर अडकले होते. म्हणून शिकाऊ माणूस घ्यायची त्यांची तयारी होती. फोरमन साठीच्या आसपासचा, उंच, व्हिक्टोरियातल्या कुठल्याशा शेतावर वाढलेला. माझी डिग्री त्याने नुसती वरवर पाहिली.

"हात स्थिर आहे का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "कॉफीच्या फेसावर पान काढते."

"दॅट'ल डू," तो म्हणाला. सोमवारी ये.

घरी मी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने लॅपटॉपवरून मान वर केली. मुलीची शाळा ऑनलाइन, त्याचे कॉल सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्याने काही बोलायच्या आधी आईच म्हणाल्या, "जा तू. मी आहे ना इथे."

असं ते ठरलं. आईंना इंग्रजी येत नव्हतं. तरी रोज सकाळी त्या मुलीच्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या, आणि टीचर काय म्हणते ते कळत नसलं तरी नात खिडकीबाहेर बघायला लागली की बोटाने टेबलावर टकटक करायच्या. "आय अॅम लिसनिंग, आजी," मुलगी म्हणायची. आई म्हणायच्या, "काय ते मराठीत सांग." मग तिला धडा पुन्हा मराठीत सांगावा लागायचा, आणि तो तिच्या डोक्यात बसायचा.

वर्कशॉपमध्ये मला पहिल्या दिवसापासून पोझिशनरवर बसवलं. पोझिशनर म्हणजे एक जड लोखंडी बैठक, तिच्यावर फिरणारी तबकडी, आणि तबकडीवर पाइप घट्ट धरून ठेवणारा चक. तबकडी हवी तशी कलती करता येते. पायाखाली पेडल असतं. ते दाबलं की पाइप स्वतःभोवती हळूहळू फिरायला लागतो. वेल्डरने हात एकाच जागी, पाइपच्या माथ्याजवळ धरायचा, आणि जोडायची फट आपणहून आर्कखाली, म्हणजे धातू वितळवणाऱ्या विजेच्या ज्योतीखाली, येत राहते. हे यंत्र नसेल तर माणसालाच पाइपभोवती फिरावं लागतं. कधी वाकून, कधी गुडघ्यांवर, कधी खाली उताणं होऊन जोड पुरा करायचा आणि वितळलेला धातू ओघळू द्यायचा नाही. ते शिकायला वर्षं जातात. जुने वेल्डर पोझिशनरला "चिकन" म्हणायचे, दुकानात काचेमागे सळईवर फिरणारी कोंबडी असते तशी. सकाळी कोणीतरी हमखास विचारायचं, "चिकन शिजलं का?"

ते ऐकायला सोपं वाटतं, करायला नव्हतं. उजव्या हातात वेल्डिंगची टॉर्च, डाव्या हातात वितळून फट भरणारी तार, पायाखाली वेग. माझा पाय दचकायचा. पाइप पुढे पळाला की माझा हात त्याच्यामागे पळायचा, आणि टॉर्चच्या टोकाची टंगस्टनची सुई वितळलेल्या धातूत बुडायची. बुडाली की खराब झाली, पुन्हा ग्राइंडरवर टोक काढायचं. पहिले काही दिवस मी वेल्डिंग कमी आणि टोकं काढणं जास्त केलं.

"तू त्याच्या मागे जाऊ नकोस," फोरमन म्हणायचा. "तो येतोय तुझ्याकडे. येऊ दे."

पाइपची दोन्ही तोंडं टेपने बंद करून आत आर्गॉन वायू सोडावा लागतो. तो नीट सोडला नाही तर जोड बाहेरून चकचकीत दिसतो, पण आतून काळा आणि खरबरीत होतो. अशा खरबरीत जागी दूध अडकून नासतं. मी एकदा घाईत टेप नीट लावली नाही. फोरमनने तो तुकडा उभा कापून माझ्या हातात दिला. मी तो घरी आणला. आईंनी चष्मा लावून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "पाक करपल्यासारखं दिसतंय."

मी सांगितलं, वर्कशॉपमध्येही त्याला शुगरच म्हणतात. आईंना इतका आनंद झाला की त्यांनी ते बाबांना फोनवर सांगितलं.

मी त्यांना पोझिशनरचा व्हिडिओही दाखवला होता. त्यांनी तो दोनदा पाहिला. "म्हणजे तू एका जागी बसतेस आणि काम तुझ्यापुढे फिरतं?"

"हो."

"बरं आहे," आई म्हणाल्या. "माझं सगळं आयुष्य उलटं गेलं."

मी हसले. त्याही हसल्या. त्या वाक्याकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही.

जुलैत मेलबर्न पुन्हा बंद झालं, आणि या वेळी फार दिवस. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं, रात्री बाहेर पडायचं नाही, मुलांच्या बागेतल्या झोपाळ्यांना पट्ट्या बांधलेल्या. आमच्या रस्त्यावरची माणसं घराघरात कोंडलेली होती आणि मी रोज सकाळी परमिट घेऊन रिकाम्या फ्रीवेवरून गाडी चालवत कामावर जात होते. काच खाली करायचे. थंड वारा तोंडावर यायचा आणि मला बरं वाटायचं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटायची. संध्याकाळी परतले की नवरा बेडरूममधून हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर यायचा, चेहरा पिठासारखा. मुलीचे डोळे लाल. तो एकदाच म्हणाला, "तुझं बरं आहे." त्यात राग नव्हता. मी हेल्मेटमुळे आलेल्या मानदुखीचं काहीतरी बोलले. ती दुखत होती त्यापेक्षा जास्त सांगितली.

आई दिवसभरात बाबांशी बोललेल्या असायच्या. बाबांची सकाळ म्हणजे आमची दुपार. मुगाच्या डाळीला पाणी किती, भाकरी थापताना कडा का फुटतात, कुकरची शिट्टी झाल्यावर झाकण कधी काढायचं. आई फोन स्टँडला लावून इथून तिकडचा स्वयंपाक करवून घ्यायच्या. जेवताना आम्हाला ते सांगायच्या आणि आम्ही हसायचो. बाबांनी एकदा पोह्यांना भिजवायचं असतं हे माहीत नसल्यामुळे ते तसेच फोडणीत टाकले होते. मुलीला ती गोष्ट फार आवडली, ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. हसून झालं की आई गप्प व्हायच्या, आणि ताटं उचलायला मी सगळ्यात आधी उठायचे.

ऑगस्टच्या शेवटी कधीतरी मला जमलं. कोणता पाइप होता तेही आठवतं, मनगटाएवढा जाड, भिंत पातळ. मी पेडल दाबलं आणि आर्कखाली धातूचं छोटंसं डबकं तयार झालं, मसुरीच्या दाण्याएवढं, थरथरणारं. तार त्याच्या पुढच्या कडेला टेकवली की ते तार पिऊन घ्यायचं आणि जागच्या जागी राहायचं. पाइप फिरत होता आणि डबकं तिथेच होतं. माझा पाय, दोन्ही हात आणि श्वास एकमेकांना विचारत नव्हते. जोड फिरून सुरुवातीच्या जागी आला, तिच्यावरून थोडा पुढे गेला, मी हळूच आर्क कमी केला. हेल्मेटची काच वर केली तर फोरमन मागे उभा होता. मास्कच्या वरचे त्याचे डोळे हसून बारीक झाले.

पुण्यात मी दुसऱ्यांनी केलेल्या कामाच्या त्रुटी शोधायचे. इतकी वर्षं मशीन, धातू, नकाशे यांच्या जवळ राहून स्वतःच्या हाताने मी काही केलेलं नव्हतं. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला रडू आलं. पस्तिशी उलटल्यावर कळावं की आपल्याला हे येतं, आणि कधी कळावं, तर सगळं जग आजारी असताना.

ऑक्टोबरात आईंच्या सीटचा फोन आला. अडकलेल्या लोकांसाठी भारत सरकार खास विमानं सोडत होतं आणि नवऱ्याने त्यात नाव नोंदवलं होतं. आम्ही जेवायला बसलो होतो. शनिवारची सीट होती, हो की नाही ते लगेच सांगायचं होतं.

"आई, जायचंय का?" नवऱ्याने विचारलं.

आईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. "तुझी परीक्षा कधी आहे ती?"

माझी पाइपची टेस्ट व्हायची होती. बाहेरचा माणूस येणार, माझे जोड कापून आणि वाकवून बघणार. त्यात पास झाले तर मी शिकाऊ राहणार नव्हते. "नोव्हेंबरात," मी म्हटलं.

"शाळा सुरू होतायत का?"

"लहान वर्गांच्या होतील म्हणतायत. नक्की नाही."

"मग मी आत्ता गेले तर तुझं कसं होणार?"

त्यावर मला बोलता आलं असतं. आई, माझं काय ते बघू, तुम्ही जा, असं म्हणायला फारसा वेळ लागत नाही. नवऱ्याने त्याच्या कामाची वेळ बदलावी हा विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही. मी पोळीचा तुकडा मोडून मुलीच्या ताटात ठेवला. तिला नको होता.

आई म्हणाल्या, "नोव्हेंबर होऊ दे. मग बघू."

नवऱ्याने बाबांना फोन लावला. इतक्या लांबच्या प्रवासात आईला धोका आहे, तिला शुगर आहे, मास्क लावून इतके तास बसायचं, तिकडे गेल्यावर पुन्हा क्वारंटाइन, असं सगळं सांगितलं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं. स्पीकरवरून बाबांचा आवाज आला, "बरोबर आहे. उगाच घाई नको." मग त्यांनी विचारलं, "सूनबाईचं काम कसं चाललंय?"

मी म्हटलं, "छान चाललंय, बाबा."

टेस्ट मी पास झाले. वर्कशॉपमध्ये केक आणला होता, त्यावर क्रीमने कोंबडी काढलेली होती. घरी आईंनी शिरा केला. नोव्हेंबर संपल्यावर आईंच्या जाण्याचं बघायचं होतं, पण तेव्हा सीटच मिळेना. मग ठरलं की थोडं थांबावं, तिकडे लस येतेय, रुग्ण कमी होतायत, एप्रिलमध्ये निवांत जातील. एप्रिलचं तिकीट काढलं. आईंनी बॅग आणून हॉलच्या कोपऱ्यात उभी केली आणि बाबांसाठी लोकरीची बनियनं घेतली.

एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, तिकडे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. विमानं पुन्हा बंद झाली. तिकीट रद्द झाल्याचा मेसेज आला त्याच आठवड्यात बाबांना ताप आला. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या त्यांच्या पुतण्याने त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. दोन ठिकाणी फिरून तिसऱ्या ठिकाणी खाट मिळाली. ऑक्सिजन लावला. कराडच्या घरातला फोन उचलून "डाळीला पाणी किती" विचारणारं कोणी राहिलं नाही, आणि आई दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसू लागल्या.

इकडे त्या वेळी मेलबर्न उघडं होतं. लोक फुटबॉलच्या मॅच बघायला जात होते. मी फोरमनला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "घरी जा, मेट. काम कुठे पळून जात नाही." मी गेले नाही. एका मोठ्या डेअरीचं काम होतं, माझ्या हाताखाली एकामागून एक पाइप येत होते. घरी जाऊन मी करणार तरी काय, असं मी स्वतःला सांगितलं. खरं असं होतं की हेल्मेटची काच खाली आली की मला त्या डबक्याशिवाय काही दिसायचं नाही. तेवढा वेळ कराड नसायचं, आईंची मांडी नसायची. मी एक पाइप संपवून लगेच दुसरा चढवायचे.

एका दुपारी मी एक जोड केला. जाड पाइप, कोपरासारख्या वाकड्या तुकड्याला जोडायचा, एकीकडे भार जास्त असल्यामुळे फिरताना झोका घेणारा. फोरमनने बॅटरी लावून आत पाहिलं आणि दुसऱ्या दोघांना बोलावलं. जोडाची आतली रेघ सलग होती, फिकट सोनेरी. तोवर माझ्या हातून झालेल्यांत तो सगळ्यात चांगला जोड होता. जुन्या वेल्डरपैकी एकाने मान हलवली, जो सकाळी चिकनचं विचारायचा तोच. मी हसले. अगदी मनापासून, दात दिसतील इतकं हसले. मग लॉकरमधला फोन काढला तर नवऱ्याचे मिस्ड कॉल होते.

बाबांचा ऑक्सिजन एकदम खाली गेला होता. त्यांना आयसीयूत हलवलं होतं. मी वेळ पाहिली. मी पाइप चढवला तेव्हापासून बॅटरीच्या उजेडात आत बघेपर्यंतच्या वेळातच ते झालं होतं. पार्किंगमध्ये गाडीला टेकून मी उभी राहिले आणि नवऱ्याला म्हटलं, "हेल्मेट घातलं होतं, ऐकू आलं नाही." फोन लॉकरमध्ये होता हे सांगितलं नाही. तो म्हणाला, "आय नो. तू ये फक्त."

बाबा वाचले. आठवडे लागले, पण वाचले. पुतण्याने व्हिडिओ कॉलवर त्यांना घरी आणल्याचं दाखवलं तेव्हा आईंनी आधी त्यांना ओळखलंच नाही. गळ्याची हाडं वर आलेली, बोलताना प्रत्येक दोन शब्दांनंतर थांबायचे. "आता ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही काळजी… करू नका." फुफ्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत असं डॉक्टरांनी पुतण्याला सांगितलं होतं. पुतण्याने ते नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने मला. आईंना कोणी सांगायचं हे ठरायच्या आधीच त्यांना कळलेलं होतं.

हिवाळ्यातल्या एका रविवारी मागच्या अंगणात ऊन आलं होतं. आई खुर्ची टाकून मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले आणि जे कित्येक आठवडे घशाशी येत होतं ते बोलून टाकलं.

"आई, ऑक्टोबरात तुम्हाला जाऊ द्यायला हवं होतं. मी गप्प बसले. माझ्या टेस्टसाठी गप्प बसले. तुम्ही तिथे असता तर बाबा इतके…"

आईंनी हातातली काडी टाकली. आणखी दोन-तीन जुड्या निवडून झाल्या.

"तुझ्यासाठी राहिले असं समजू नकोस," त्या म्हणाल्या. "मला जायचंच नव्हतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या मेथीकडेच बघत होत्या.

"चव्वेचाळीस वर्षं पहाटे उठून त्यांचा चहा केला. ताट वाढलं की लोणचं कुठंय, पाणी कुठंय. इथे तुम्ही दोघं आपापलं घेता. सकाळी मी उठायच्या आधी तू डबा भरून गेलेली असतेस. मला इथे बरं वाटायला लागलं होतं. त्यांचा फोन आला आणि डाळीचं विचारलं ना, की मला आतून हसू यायचं, म्हटलं, कळू दे आता. परीक्षेचं तुला विचारलं ते मला निमित्त हवं होतं म्हणून."

"आई, तसं नाही…"

"तसंच आहे. तू काय गप्प बसलीस. मी गप्प बसले ते त्यांची बायको असून." त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत, कारण हात मातीचे होते. मग म्हणाल्या, "हे त्याला सांगू नकोस."

त्याला म्हणजे त्यांच्या मुलाला. मी बरीच वर्षं सांगितलं नाही. नंतर आईंनीच कधीतरी फोनवर त्याला सांगितलं, हसत हसत, म्हणून मी आता लिहू शकते.

त्या दिवशी मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मी माझा भार त्यांच्यापुढे ठेवायला गेले आणि त्यांचा बाहेर काढवून घेतला. मेथीची भाजी आम्ही दोघींनी मिळून केली. मुलीने विचारलं, "व्हाय इज एव्हरीवन सो क्वायट?" आई म्हणाल्या, "मराठीत विचार."

नोव्हेंबरात दोहामार्गे तिकीट मिळालं आणि आई गेल्या. एअरपोर्टवर त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्या हाताच्या तळव्यांवर आलेले घट्टे बघितले, आणि म्हणाल्या, "रात्री तूप लाव." त्यानंतरच्या सोमवारी मुलीला शाळेतून आणायचं कसं हा प्रश्न होता. नवऱ्याने त्याच्या मॅनेजरला एक फोन केला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तो म्हणाला, मला दुपारी तासभर बाहेर जावं लागेल, सकाळी लवकर सुरू करतो. पलीकडचा माणूस म्हणाला, नो वरीज. तेवढंच. नवरा फोन ठेवून म्हणाला, "झालं." मी कांदा चिरत होते, चिरतच राहिले. वर्षभरापूर्वी, जेवणाच्या टेबलावर, हे एवढंच करायचं होतं.

पुढच्या वर्षी डिसेंबरात आम्ही कराडला गेलो. आईंनी सांगितलं होतं तरी बघून धक्का बसला. बाबा अर्धे झाले होते. पण सकाळी ते आधी उठायचे आणि स्वतः चहा करायचे. आईंना गॅसपाशी येऊ द्यायचे नाहीत, "तुला आलं किती ते कळत नाही" म्हणायचे. आई बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायच्या. मला वाटलं होतं, आता चहा हातात मिळतो म्हणून माझ्याकडे बघून त्यांचे डोळे हसतील. पण त्या चहाचा कप हातात घ्यायच्या आणि आधी बाबांचा श्वास ऐकायच्या, धाप किती लागलीय ते. मगच पेपर उघडायच्या.

गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला मी निघाले तर बाबाही मागे आले. नको म्हटलं तरी आले. जिन्याच्या वळणावर ते थांबले. हात भिंतीला टेकवला. मी दोन पायऱ्या वर होते, खाली आले. ते मान खाली घालून श्वास घेत होते. छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता.

"बाबा," मी म्हटलं, "आईंना आम्ही ठेवून घेतलं, त्याचा तुम्हाला राग नाही आला?"

त्यांनी थोडा वेळ घेतला. तो श्वासासाठी होता की उत्तरासाठी, मला कळलं नाही.

"आला होता," ते म्हणाले. "बरेच दिवस होता. एकटा असायचो ना. सांगायचा कोणाला?"

माफ करा म्हणायचं मी विमानात ठरवून आले होते. ते शब्द तिथे जिन्यात फार लहान वाटले.

"आता नाही?" मी विचारलं.

"आता जिना चढायला दम पुरत नाही," बाबा म्हणाले. "त्यात राग कुठे वाहू."

मग ते पुन्हा चढू लागले, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी त्यांच्या मागे राहिले. त्यांना हात दिलेला आवडत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी हात न लावता, पण लावता येईल इतक्या जवळून वर गेले.